चालत्या गाडीचं वजन आणि रस्त्याचं हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महामार्गाच्या कडेला एक लोखंडी पेटी, शेजारी खांबावर लटकवलेली दोन-चार उपकरणं आणि डांबरात आडव्या कापलेल्या काळ्या रेघा. आम्ही ती पेटी उघडून बसलो की कुणीतरी गाडी कडेला घेतं आणि विचारतं, "वेग पकडायचा कॅमेरा आहे का?" नाही. त्या रेघा वरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं वजन घेतात आणि खांबावरची उपकरणं हवा, पाऊस, धुकं टिपतात. हे सेन्सर बसवणं आणि सांभाळणं हे माझं काम. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाड्या मोजल्या तरी पुरे नाही का? वजन कशाला मोजायचं?

गाड्या किती गेल्या यावर रस्ता झिजत नाही, प्रत्येक अ‍ॅक्सलवर, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या आसावर, किती भार होता यावर झिजतो. याचा सगळ्यात मोठा पुरावा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ऑटावा गावाजवळ मिळाला. तिथे 'आशो रोड टेस्ट' नावाची चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ऑक्टोबर १९५८ ते नोव्हेंबर १९६० अशी दोन वर्षं सैनिकांनी ठरावीक वजनाचे ट्रक गोल गोल फिरवले. अकरा लाखांहून जास्त अ‍ॅक्सल तिथल्या तुकड्यांवरून गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की नुकसान वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं.

म्हणजे अ‍ॅक्सलवर १० टक्के जास्त भार घातला तर नुकसान सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतं, २० टक्के घातला तर दुपटीच्या वर जातं आणि भार दुप्पट केला तर सोळापट होतं. कारचा अ‍ॅक्सल अर्धा टन आणि भरलेल्या ट्रकचा दहा टन धरला, तर वीसपट वजनाला एक लाख साठ हजारपट नुकसान येतं. म्हणून रस्त्याच्या जाडीच्या हिशेबात कार जवळजवळ धरतच नाहीत. ट्रकचे सगळे लहानमोठे अ‍ॅक्सल मात्र ८० किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे ८.१६ टनांच्या 'प्रमाण अ‍ॅक्सल'मध्ये बदलून मोजतात. 'चौथा घात' हा काही निसर्गनियम नाही, रस्त्याच्या रचनेनुसार आणि नुकसानाच्या प्रकारानुसार तो कमीजास्त होतो. पण डोक्यात ठेवायला चांगला आहे.

२. मग प्रत्येक ट्रक वजनकाट्यावर का नेत नाहीत?

रांग लागते म्हणून. उभ्या गाडीचं वजन घेणारा काटा सर्वांत अचूक, यात वादच नाही. पण त्यासाठी गाडी बाजूला घ्यायची, थांबवायची, पुन्हा रस्त्यावर सोडायची. वर्दळीच्या रस्त्यावर हे शंभरातल्या दोन-चार गाड्यांनाच जमतं. शिवाय काटा चालू आहे ही बातमी ट्रकवाल्यांमध्ये वाऱ्यासारखी पसरते आणि जास्त माल भरलेले ट्रक वाट बदलतात. मग काट्यावर येतात ते बहुतेक शहाणेच. चालत्या गाडीचं वजन घेणारी यंत्रणा, जिला आम्ही वे-इन-मोशन म्हणतो, चोवीस तास सगळ्यांना मोजते आणि कुणाला थांबवत नाही. त्या बदल्यात अचूकता थोडी सोडावी लागते. किती, ते प्रश्न ५ मध्ये.

३. ताशी ९० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकचं वजन होतं तरी कसं?

सेन्सरचे तीन-चार प्रकार आहेत. एकात पोलादी पाटाखाली ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, चाक वरून गेलं की पाट किंचित वाकतो. दुसऱ्यात काट्यासारखेच लोड सेल, म्हणजे भार पडला की विद्युत संकेत देणारे ठोकळे असतात. तिसरा प्रकार रस्त्यात खोबण कापून बसवायच्या अरुंद पट्ट्यांचा. काहींत दाब पडला की विद्युतभार निर्माण करणारं पॉलिमर असतं, काहींत क्वार्ट्झचे स्फटिक. रस्त्यात दिसणाऱ्या काळ्या रेघा बहुधा याच. त्यांच्या आगेमागे तारांची वेटोळी पुरलेली असतात, म्हणजे लूप. गाडी आली, गाडी गेली, एवढं ते सांगतात.

पट्टीवरचा हिशेब जरा गमतीचा आहे. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. टायर रस्त्याला साधारण २५ सेंटिमीटर लांबीत टेकतो आणि पट्टी असते ५ सेंटिमीटर रुंद. म्हणजे टायरचं पुढचं टोक पट्टीवर चढण्यापासून मागचं टोक उतरेपर्यंत ३० सेंटिमीटर अंतर, एवढ्याला लागतात १२ मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पट्टी टायरच्या ठशापेक्षा अरुंद असल्यामुळे कोणत्याही क्षणी चाकाचा एक तुकडाच तिच्यावर असतो, पूर्ण वजन तिच्यावर कधीच येत नाही. लॅपटॉपवर एक टेकडी उमटते. त्या टेकडीखालचं क्षेत्रफळ घ्यायचं, वेगाने गुणायचं, पट्टीच्या रुंदीने भागायचं, की चाकाचा भार मिळतो.

यात वेग थेट गुणाकारात बसला आहे, हे लक्षात घ्या. आणि तो वेग दोन पट्ट्यांमधलं अंतर भागिले ते कापायला लागलेला वेळ, असा निघतो. वेग ३ टक्के चुकला की वजनही ३ टक्के चुकलं. म्हणून वजन चुकतंय अशी तक्रार आली की मी आधी टेप घेऊन दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजतो. सेन्सर नंतर.

४. काट्यावर ३८ टन भरलेला ट्रक तुमच्याकडे ४० कसा दिसतो? खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. चालता ट्रक हा स्प्रिंगांवर हिंदकळणारा डोंगर असतो. त्याचा सांगाडा सेकंदाला साधारण दीड ते चार वेळा वरखाली होतो आणि चाकं-अ‍ॅक्सल सेकंदाला आठ ते पंधरा वेळा उसळतात. रस्त्यावर पडणारा भार त्यामुळे सतत खऱ्या वजनाच्या वरखाली होत राहतो.

सेकंदाला दोनदा हेलकावा घेणारा ट्रक २५ मीटरच्या वेगाने जात असेल, तर एका हेलकाव्यात तो साडेबारा मीटर पुढे गेलेला असतो. आमच्या पट्टीने त्यातली ३० सेंटिमीटर पाहिली. ट्रक त्या वेळी खाली दबत होता तर वजन जास्त येणार, वर उचलला जात होता तर कमी. आकडा त्या क्षणापुरता अगदी खरा असतो, फक्त क्षण एकच असतो. म्हणून चांगल्या ठिकाणी काही मीटरांच्या अंतराने पट्ट्यांच्या दोन, तीन किंवा जास्त रांगा बसवतात आणि सरासरी घेतात. रांगांमधली अंतरं सारखी ठेवली आणि ती नेमकी हेलकाव्याच्या लांबीशी जुळली, तर सगळ्या रांगा तीच चूक करतात. त्यामुळे अंतर ठरवणं हे आकडेमोडीचं काम आहे, जागा मिळेल तिथे उरकायचं नाही.

५. अचूकता नेमकी किती? "९५ टक्के अचूक" म्हणजे काय?

"९५ टक्के अचूक" हे जाहिरातीतलं वाक्य आहे, त्याला तसा अर्थ नाही. प्रमाणात असं म्हटलेलं असतं, की १०० पैकी ९५ गाड्यांमध्ये चूक अमुक मर्यादेच्या आत हवी. अमेरिकी ई १३१८ या प्रमाणाच्या टाइप १ मध्ये एकूण वजनाला १० टक्के, अ‍ॅक्सलगटाला, म्हणजे जवळजवळ बसवलेल्या अ‍ॅक्सलांना मिळून, १५ आणि एकट्या अ‍ॅक्सलला २० टक्के सूट आहे. टाइप ३ मध्ये हेच आकडे ६, १० आणि १५ आहेत. युरोपात कॉस्ट ३२३ या संयुक्त कामातून वर्ग आले: ए(५), बी+(७), बी(१०), सी(१५) वगैरे. कंसातला आकडा म्हणजे एकूण वजनातली टक्केवारी.

एकूण वजन नेहमी अ‍ॅक्सलपेक्षा अचूक येतं. एक अ‍ॅक्सल खाली दबलेला असताना दुसरा उचललेला असतो आणि बेरजेत चुका काही प्रमाणात एकमेकींना खातात.

६. सेन्सर कुठेही बसवता येतो का?

नाही, आणि निम्मी कामं इथेच बिघडतात. रस्ता सरळ हवा, चढ २ टक्क्यांच्या आत हवा. गाड्या एकसारख्या वेगाने जाणाऱ्या हव्यात, म्हणजे जवळ सिग्नल नको, टोलनाका नको, लेन बदलायला लावणारा फाटा नको. सेन्सरच्या आधी ६० मीटर आणि पुढे ३० मीटर रस्ता गुळगुळीत हवा.

गुळगुळीत म्हणजे किती, हे तपासायची जुनी पद्धत मला फार आवडते. सहा मीटर लांब सरळ पट्टी रस्त्यावर ठेवायची आणि १५ सेंटिमीटर व्यासाची, साधारण ३ मिलिमीटर जाडीची गोल चकती तिच्याखाली सरकवून बघायची. चकती आत गेली तर जागा नापास. लेझरवर चालणारी महागडी यंत्रं आता आहेत, पण गुडघ्यांवर बसून चकती सरकवताना रस्ता हाताला जो कळतो तो आलेखात कळत नाही. चाकोरी पडायला लागली आहे का, आधीच्या दुरुस्तीचा सांधा वर आलाय का, डांबर मऊ पडलंय का, सगळं.

७. वजन मोजायचं तर तापमान कशाला?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कारणं दोन आहेत.

पहिलं, सेन्सर स्वतः तापमानाने बदलतो. पॉलिमरच्या पट्ट्या उन्हात जास्त जोरात 'बोलतात'. क्वार्ट्झवर तापमानाचा परिणाम अगदी किरकोळ असतो, म्हणून तो महाग आणि म्हणूनच आम्हाला लाडका. पण क्वार्ट्झ लावला तरी सुटका नाही, कारण पट्टी ज्या डांबरात बसली आहे ते उन्हात मऊ होतं आणि पट्टीला मिळणारा आधार बदलतो.

दुसरं कारण रस्त्याचं आहे. डांबराचा ताठपणा थंडीत आणि कडक उन्हात कित्येक पटींनी वेगळा असतो. दहा टनांचा अ‍ॅक्सल थंड सकाळी गेला आणि तोच तापलेल्या दुपारी गेला, तर वजन एकच, पण रस्त्यावर झालेला परिणाम एक नाही. उन्हात चाकोरी पडते, थंडीत तडे जातात. ज्या वजनाशेजारी तापमान लिहिलेलं नाही, ते वजन माझ्या लेखी अर्धाच आकडा.

माझीच एक फजिती सांगतो. एका ठिकाणी ट्रक रोज दुपारी जड व्हायचे आणि रात्री हलके. सगळे ट्रक, अगदी रिकामेसुद्धा. दुपारी माल जास्त वाहतात, असा सिद्धान्त मी दोन आठवडे मांडत होतो. मग रिकाम्या ट्रकांचे पुढचे अ‍ॅक्सल वेगळे काढले. तेही दुपारी वाढलेले! रिकाम्या ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल दुपारी कशाला वाढेल? पेटी उघडली तर तापमान भरपाईसाठी रस्त्याचं तापमान मोजणारी सळई, जी डांबरात पट्टीच्या खोलीवर असायला हवी होती, ती पेटीतच गुंडाळून ठेवलेली. गेल्या दुरुस्तीत खोबण भरताना ती मीच बाहेर काढली होती, आणि परत घातली नव्हती. पेटी सावलीत. यंत्रणेला वाटायचं रस्ता गार आहे, आणि ती पट्टीच्या तापलेल्या आवाजाची पूर्ण वजावट करायचीच नाही.

८. रस्त्याचं तापमान आणि हवेचं तापमान एकच ना? हवामान खात्याचा आकडा चालेल?

चालणार नाही. हवामानकेंद्रात तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, सावलीच्या जाळीदार खोक्यात मोजतात. उघड्या उन्हात काळं डांबर त्यापेक्षा वीस अंशांनी आणि त्याहूनही जास्त तापलेलं असू शकतं. उलट निरभ्र रात्री रस्ता आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि हवेपेक्षा गार होतो (याचा धोका प्रश्न १२ मध्ये).

शिवाय 'रस्त्याचं तापमान' असं एक काही नसतंच. पृष्ठभाग दुपारी सर्वांत गरम, पण वीस-तीस सेंटिमीटर खाली उष्णता पोहोचायला तास लागतात. संध्याकाळी वर गार आणि खाली गरम अशी उलटी स्थिती असते. म्हणून एकाच सळईवर वेगवेगळ्या खोलीला थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारे छोटे सेन्सर, लावून ती रस्त्यात उभी पुरतात.

९. रस्त्याखाली पाणी साचलंय हे न खणता कसं कळतं?

दोन-तीन धातूच्या सळया थराच्या आत पुरायच्या, त्यांतून विद्युत स्पंद पाठवायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. स्पंद किती रेंगाळतो हे पदार्थाच्या विद्युत-पारकतांकावर ठरतं. पाण्याचा तो सुमारे ८० असतो, कोरड्या माती-खडीचा ३ ते ५, हवेचा १. फरक इतका दणदणीत आहे की माती थोडी ओली झाली तरी स्पंद स्पष्ट रेंगाळतो. पद्धतीचं नाव टीडीआर (टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री). अमेरिका-कॅनडातल्या एलटीपीपी या दीर्घकालीन रस्ते-अभ्यासात, जो १९८७ पासून सुरू आहे, काही निवडक ठिकाणी थर्मिस्टर आणि टीडीआर एकत्र पुरून ऋतूंनुसार रस्ता कसा बदलतो ते पाहिलं गेलं.

पाण्याचं महत्त्व वितळत्या बर्फात सर्वांत ठळक दिसतं. थंड प्रदेशात हिवाळ्यात रस्त्याखालची माती गोठते आणि दगडासारखी टणक होते. वसंतात ती वरून वितळू लागते, पण खालचा थर अजून गोठलेला असतो. वितळलेलं पाणी निचरा न होता मध्ये अडकतं आणि रस्ता चिखलावर ठेवलेल्या पापुद्र्यासारखा होतो. हिवाळ्यात त्याच रस्त्याने तोच ट्रक आरामात पेलला होता. म्हणूनच कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत वसंतात ठरावीक आठवडे अ‍ॅक्सलभाराची मर्यादा खाली आणतात. ती कधी लावायची आणि कधी उठवायची, हे ठरवायला तापमानाच्या नोंदी लागतात.

१०. काँक्रीटच्या रस्त्यावर तरी तापमानाची कटकट नसेल?

वेगळी कटकट असते. काँक्रीट डांबरासारखं मऊ पडत नाही, पण स्लॅब वाकतो. दुपारी वरची बाजू जास्त तापून प्रसरण पावते, तेव्हा स्लॅबच्या कडा खाली आणि मध्य वर जातो. पहाटे उलट, कडा वर येतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. ट्रकला मात्र प्रत्येक सांध्यावर बारीक उंचवटा लागतो आणि तो हिंदकळायला लागतो. पुढचं प्रश्न ४ मध्ये आहेच. म्हणून काँक्रीटवर कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या वजनाच्या ट्रकशी यंत्रणेचे आकडे जुळवण्याचं काम (प्रश्न १३), करताना पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळी फेऱ्या मारून बघाव्यात.

११. खांबावरची उपकरणं काय काय मोजतात?

हवेचं तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा, दृश्यमानता. वाऱ्यासाठी आता फिरणाऱ्या वाट्यांपेक्षा अल्ट्रासॉनिक उपकरणं जास्त दिसतात, हलणारे भाग नसल्यामुळे ती जाम होत नाहीत. धुक्यासाठी प्रकाशाचा झोत सोडून हवेतल्या थेंबांवरून पुढे किती प्रकाश विखुरतो ते मोजतात आणि त्यावरून किती मीटर दिसेल याचा अंदाज काढतात. पृष्ठभाग कोरडा आहे, ओला आहे की बर्फाळ, हे डांबरात बसवलेली चकती सांगते किंवा वरून अवरक्त किरण टाकणारं उपकरण. पाणी, बर्फ आणि कोरडा रस्ता अवरक्त किरण वेगवेगळे शोषतात.

या सगळ्या उपकरणांचा मोठा शत्रू हवामान नसून कोळी आहे. धुक्याच्या उपकरणासमोर जाळं विणलं, की निरभ्र दिवशीही दाट धुकं.

१२. हवा शून्याच्या वर असताना रस्त्यावर बर्फ कसा धरतो?

रस्ता हवेपेक्षा गार असतो म्हणून (प्रश्न ८). हवेतली वाफ ज्या तापमानाला थेंब धरते ते दवबिंदू तापमान. रस्त्याचा पृष्ठभाग त्याच्या खाली आणि शून्याच्याही खाली गेला, की त्यावर पातळ, काचेसारखा बर्फ बसतो आणि चालकाला तो दिसत नाही. पूल सर्वांत आधी गोठतात, कारण खालूनही वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही. म्हणून एकच सेन्सर परवडत असेल तर तो पुलावर लावा.

मीठ टाकलेल्या रस्त्यावर प्रश्न गुंतागुंतीचा होतो. मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही. सुमारे २३ टक्के मीठ असेल तर −२१ अंशांपर्यंत पातळ राहतं. पण पाऊस पडला, मीठ वाहून गेलं, की ती सीमा वर सरकते. काही सेन्सर यावर हुशार तोडगा काढतात. पृष्ठभागावरचा थेंब ते स्वतः थंड करतात आणि गोठताना बाहेर पडणारी उष्णता टिपून नेमका गोठणबिंदू सांगतात.

१३. कॅलिब्रेशन कसं आणि किती वेळा करायचं?

काट्यावर अ‍ॅक्सलनिहाय वजन घेतलेला ट्रक सेन्सरवरून वेगवेगळ्या वेगांनी अनेकदा न्यायचा. एका ट्रकवर समाधान मानू नका. स्टील स्प्रिंगांचा ट्रक आणि हवेच्या फुग्यांवरचा ट्रक वेगळे हिंदकळतात. शक्य असेल तर एकाच दिवशी न उरकता थंड आणि गरम, दोन्ही वेळी करा. वर्षातून एकदा आणि रस्त्याचा वरचा थर बदलला की लगेच, हा किमान नियम.

फेऱ्यांचे निकाल सरासरीत जुळले की लोक सुटकेचा श्वास टाकतात. पण सरासरी जुळणं सोपं असतं, एक गुणक फिरवला की झालं. फैलाव बघा, म्हणजे एकेका फेरीचे आकडे सरासरीपासून किती दूर पसरतात ते. सरासरी बरोबर आणि फैलाव मोठा असेल तर दोष सेन्सरच्या गुणकात नाही, रस्त्याच्या खडबडीतपणात आहे, आणि तो गुणकाने जात नाही.

१४. यंत्रणा स्वतःच कॅलिब्रेट होते म्हणतात. विश्वास ठेवावा का?

अर्धा. लांब ट्रेलर ओढणाऱ्या पाच अ‍ॅक्सलांच्या ट्रकच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर गाडी भरलेली असो वा रिकामी, भार फारसा बदलत नाही, कारण तिथे मुख्यतः इंजिन आणि केबिनचं वजन असतं. यंत्रणा अशा ट्रकांची सरासरी अपेक्षित आकड्याशी ताडून स्वतःला सरकवत राहते. हंगामी घसरण यात चांगली आटोक्यात येते. पण त्या रस्त्यावरच्या ट्रकांची जात बदलली, नवे जड केबिनचे ट्रक आले, तर यंत्रणा खऱ्या बदलाला चूक समजून पुसून टाकते. प्रश्न ७ मधली माझी चूक याच पुढच्या अ‍ॅक्सलने उघडी पडली. जर स्वयं-कॅलिब्रेशन चालू असतं तर ती दबून गेली असती आणि सळई अजूनही पेटीत असती.

१५. उचलता येणारा अ‍ॅक्सल असेल तर?

यंत्रणा जमिनीवर टेकलेली चाकंच मोजते. अ‍ॅक्सल वर उचललेला असेल तर गाडी एका अ‍ॅक्सलने कमी दिसते आणि वर्गीकरणात दुसऱ्याच प्रकारात जाते. भरलेल्या गाडीने तो वर ठेवला असेल तर उरलेल्या अ‍ॅक्सलांवर मर्यादेबाहेर भार दिसतो, आणि तो बरोबरच असतो. रस्त्याला तेवढाच भार लागला ना!

१६. टँकरचं वजन दर वेळी वेगळं का येतं?

अर्धवट भरलेल्या टँकरमधला द्रव आत लाटा मारतो. ब्रेक लागला की पुढे, वेग वाढला की मागे. एकूण वजन त्यातल्या त्यात बरं येतं, अ‍ॅक्सलनिहाय आकड्यांवर मात्र भिस्त ठेवू नये. सेन्सरवर ब्रेक मारणाऱ्या कोणत्याही गाडीचं असंच होतं, पुढचे अ‍ॅक्सल फुगतात. चांगली यंत्रणा अशा नोंदीवर 'वेग बदलला' असा शिक्का मारते. विश्लेषणात शिक्केवाल्या नोंदी आधी बाजूला काढा.

१७. दोन लेनच्या मधून गेलेल्या किंवा एकमेकांना चिकटून गेलेल्या गाड्यांचं काय?

मधून गेलेल्या गाडीची डावी चाकं एका लेनमध्ये आणि उजवी दुसरीत नोंदली जातात. दोन्ही लेन एकत्र पाहणारी यंत्रणा ती जोडते, साधी यंत्रणा दोन अर्धवट भुतं नोंदवते. उलट, एकमेकांच्या शेपटीला लागून जाणारे दोन ट्रक लूपला एकच वाटू शकतात आणि मग यादीत बारा अ‍ॅक्सलांचा, ७० टनांचा राक्षस येतो. तो बघून ओव्हरलोडच्या बातम्या छापल्या जातात. आधी अ‍ॅक्सलांमधलं अंतर बघा.

जोराचा आडवा वारा असेल तर एका बाजूच्या चाकांवर भार वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो. डावी-उजवीतली तफावत दिसली तर सेन्सरला दोष देण्याआधी खांबावरच्या वाऱ्याची नोंद उघडा.

१८. रस्ता न कापता वजन घेता येतं का?

येतं, पूलच काटा म्हणून वापरायचा. तुळयांच्या खालून ताण मोजणारे सेन्सर लावायचे. गाडी वरून जाताना पूल किती वाकला यावरून अ‍ॅक्सलांचे भार उलटे काढायचे. ही कल्पना फ्रेड मोझेस यांनी १९७९ मध्ये मांडली. फायदा असा की गाडी पुलावर काही मिलिसेकंद नाही, निदान अर्धा-एक सेकंद तरी असते, त्यामुळे हेलकावे बरेच सरासरीत जातात. वरून काही दिसतही नाही. अडचण जवळजवळच्या अ‍ॅक्सलांची. पूल त्यांना एकत्रच अनुभवतो, वेगळं करणं अवघड जातं. आणि पूल तापला-गार झाला की त्याचा ताणही बदलतो. म्हणजे तापमान इथेही सोडत नाही.

१९. या आकड्यावर थेट दंड करता येतो का?

त्या देशाच्या कायद्यावर आणि यंत्रणेच्या प्रमाणपत्रावर अवलंबून. बहुतेक ठिकाणी चालत्या गाडीच्या वजनाचा उपयोग निवडीसाठी होतो: संशयास्पद ट्रक बाजूला घ्यायचा आणि काट्यावर पुन्हा तोलायचा. चेक प्रजासत्ताक आणि हंगेरीसारख्या काही देशांत मात्र प्रमाणित यंत्रणेच्या नोंदीवर थेट कारवाई होते. चालत्या गाड्या तोलणाऱ्या स्वयंचलित उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची आर १३४ ही शिफारस आहे. दंड करायचा असेल तर यंत्रणेची सूट गाडीच्या बाजूने धरावी लागते. सर्वेक्षणासाठी पुरेशी असलेली यंत्रणा कोर्टासाठी पुरेशी नसते.

२०. आलेला डेटा चांगला की वाईट, हे पटकन कसं ओळखायचं?

पाच अ‍ॅक्सलांच्या ट्रकांच्या एकूण वजनाचा आलेख काढा. निरोगी ठिकाणी दोन उंचवटे दिसतात, एक रिकाम्यांचा आणि एक भरलेल्यांचा. दोन्ही एकाच दिशेला सरकले असतील तर कॅलिब्रेशन घसरलं आहे. फक्त भरलेल्यांचा सरकला असेल तर वाहतूकच बदलली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही पसरट झाले असतील तर रस्ता खडबडीत झालाय किंवा केबलच्या सांध्यात ओल गेली आहे. पट्टीचा विद्युतभार इवलासा असतो, केबलच्या इन्सुलेशनला गिगाओमच्या, म्हणजे अब्जावधी ओहमच्या, घरातला रोध लागतो, जरा ओल शिरली की तो पाझरून जातो. असं पावसानंतर बिघडतं आणि ऊन पडलं की आपोआप सुधारतं. दुरुस्तीला जावं तर सगळं ठीक.

२१. वजनाचा आणि हवामानाचा डेटा एकत्र जोडताना काय सांभाळायचं?

घड्याळ. वजनाची पेटी आणि हवामानाची पेटी बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात आणि आपापली वेळ पाळतात. एकदा माझ्या आलेखात पाऊस सुरू व्हायच्या चार मिनिटं आधीच सगळ्या गाड्या हळू झालेल्या दिसल्या. चालकांना पावसाचा वास आधीच येतो की काय, असा विनोद झाला. दोन घड्याळांत चार मिनिटांचा फरक होता. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेणाऱ्या देशांत हा फरक चक्क एका तासाचा होतो, कारण एक पेटी वेळ बदलते आणि दुसरी नाही. दोन्ही पेट्यांना जीपीएसवरून एकच जागतिक वेळ द्या आणि स्थानिक वेळेत रूपांतर फक्त अहवाल छापताना करा. आता पेटी उघडली की सेन्सरकडे बघण्याआधी मी दोन्ही पडद्यांवरचे सेकंद जुळतात का ते बघतो.